भिंतीतली वायर

ट्रॅक्टरमागं ओढायचे कॉम्प्रेसरचे ट्रेलर दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये मागच्या दिव्यांच्या वायरिंगचं काम ती एकटीच करायची. पेन्सिलीसारखा टेस्टर कानावर खोचायची सवय, म्हणून सगळे तिला टेस्टरबाई म्हणत. तिचा धाकटा दीर तिथंच ड्रायव्हर होता.

नव्या वायरची बंडलं आली, तेव्हा तिनं एकाचं टोक सोललं. आत एकच जाड तार. तशीच ती मॅनेजरकडे गेली.

"साहेब, ही घराच्या भिंतीत घालायची वायर आहे."

"तांबंच आहे ना?"

"तांबंच आहे. पण भिंत जागची हलत नाही. ट्रेलर दिवसभर खडीवर हादरतो. एकच तार असली की हलून हलून आतल्या आत तुटते, वरून कळतही नाही. बारीक तारांची वायर हवी. त्यातल्या चार तुटल्या तरी बाकीच्या निभावून नेतात."

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "खरेदी वरून झालीय, बाई. माझं कोण ऐकतंय? तुम्ही वायर धरणाऱ्या पट्ट्या जरा जवळजवळ मारा."

तिनं पट्ट्या मारल्या, पत्र्याच्या भोकांत रबर बसवलं. दुखणं एकीकडे आणि मलम दुसरीकडे, हे तिला कळत होतं.

जुन्या मालातली बारीक तारांची वायर एका ट्रेलरपुरती उरली होती. ती तिनं दिराच्या ट्रेलरला घातली. बाकीच्या ड्रायव्हरांनाही घरदार होतं. पण हात आपल्या माणसाकडे वळला, खरं तेच.

दोन महिन्यांनी ड्रायव्हरांचे ट्रेलर बदलले. दिराला नव्या वायरचा सात नंबर मिळाला, त्याचा ट्रेलर एका वयस्कर ड्रायव्हरला गेला. ती यादी लावणाऱ्या कारकुनाकडे गेली.

"भाऊजींना जुनाच राहू द्या ना."

"का हो? त्यात काय विशेष?"

तो वयस्कर ड्रायव्हर शेजारीच चहा पीत उभा होता. तिच्याकडे बघून हसला.

"काही नाही," ती म्हणाली आणि परत फिरली.

पुढच्याच आठवड्यात, अंधारून येताना, सात नंबरवर मागून ट्रक आदळला. ट्रकवाल्याला खरचटलं. दीर ट्रॅक्टरवरून रस्त्यात फेकला गेला, त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला.

"वहिनी, दिवे लावले होते मी," दवाखान्यात तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "निघताना मागं जाऊन बघितलेसुद्धा."

"माहीत आहे मला, भाऊजी."

तपासनीस आला. चेपलेल्या ट्रेलरचा एक दिवा शाबूत होता. त्यानं बटण दाबलं, दिवा लागला. "वायरिंग ठीक. ड्रायव्हर विसरला."

तिनं ट्रॅक्टरला जोडायच्या पुढच्या हुकाजवळची वायर जरा वाकवली. दिवा गेला. सोडली, दिवा आला.

"धडकेनं तुटली असेल," तो म्हणाला.

"धडक मागं बसलीय, साहेब. ही पुढची वायर आहे." तिनं वरचं प्लॅस्टिक चिरून दाखवलं. तुटलेली दोन्ही टोकं काळी पडली होती. "ठिणग्या उडून उडून असं होतं. एका दिवसातलं नाही हे."

त्यानं वाकून नीट पाहिलं. "असेलही. पण मी लिहायचं कशावरून? मी तपासलं तेव्हा दिवा लागला." त्यानं सही केली.

दिराचं लायसन्स गेलं. सासूबाईंनी एकदाच विचारलं, "इतकं कसं गं विसरला हा?" तिनं वायरचा तुकडा आणून दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि परत दिला. "मला काय कळतंय त्यातलं," त्या म्हणाल्या.

तिनं वर दोन पत्रं पाठवली. पोच आली, उत्तर नाही. नवीन ट्रेलरना तीच वायर घालायचं काम मात्र येत राहिलं आणि ती करत राहिली. तिनं नाही म्हटलं असतं, तर पट्ट्यासुद्धा न मारणारा कुणीतरी आला असता.

आता सकाळी निघण्याआधी ड्रायव्हर तिच्या टेबलाशी थांबतात. "आमचं ठीक आहे ना, बाई?"

ती प्रत्येकाच्या ट्रेलरमागं जाऊन दिवे बघते. सगळे लागलेले असतात.

"खडीवर हळू घ्या," ती म्हणते.