खरवडीचा हक्क

मी एक जुना पितळी गंज आहे, मित्रांनो. पुण्याकडचे लोक मला पातेलं म्हणतात. म्हणोत बापडे. आमच्या नागपूर-वऱ्हाडाकडे भात शिजवायच्या भांड्याला गंज म्हणतात, आणि मी काही चार माणसांच्या घरातला गंज नव्हे. खानावळीतला आहे मी! मला चुलीवरून उतरवायचं तर दोन धडधाकट माणसं लागत, आणि तीही धापा टाकत.

माझा जन्म भंडाऱ्याचा. कासारानं अंगभर ठोके घातले तेव्हा कुठे मला हा आकार आला. आतून कल्हई झाली आणि मी चांदीसारखा झळकू लागलो. तिथं मला मुरलीधरनं पाहिलं. तो अचलपूरकडचा, पोटासाठी जबलपूरला गेलेला. तिथल्या कारखान्यांत आपल्याकडची कितीतरी तरणी पोरं कामाला लागली होती, आणि त्यांना घरच्यासारखं जेवण मिळत नव्हतं. म्हणून त्यानं तिथल्या ओमती मोहल्ल्यात खानावळ काढायची ठरवली. मला घेऊन तो गोंदियाहून जबलपूरच्या छोट्या रुळांच्या गाडीत बसला. बसला कसला, सगळी वाट माझ्यावर हात ठेवून उभाच होता, कोणाची पेटी आदळून मला पोचा पडेल म्हणून.

खानावळीत स्वयंपाक करायची त्याची थोरली बहीण सत्यभामा. विधवा बाई, बोलणं कमी, हाताला चव अशी की जेवणारे बोटं चाटत. मुरलीधरला सगळे अण्णा म्हणत, पण तिच्यासाठी तो मुरलीच. आणि भांडी घासायला अंजनी. तिचा नवरा रेल्वेच्या यार्डात अपघातात गेला होता. पदरी एक चार वर्षांची पोर, बेबी. आई मागच्या अंगणात भांडी घाशी तेव्हा ही बेबी पेरूच्या झाडाखाली बसून मातीचा भात रांधी.

आता एक रीत सांगतो. भात वाढून झाला की माझ्या तळाला जो करपट, खमंग थर चिकटून राहतो ना, त्याला खरवड म्हणतात. ही खरवड भांडी घासणारीची. कोणी ठरवलं होतं कोण जाणे, पण अचलपुरापासून ही रीत चालत आलेली. मालकानं द्यायची नाही, घासणारीनं मागायची नाही. ती तिचीच. अंजनी उलथन्यानं खरवड काढी, जराशी बेबीच्या हातावर ठेवी आणि उरलेली फडक्यात बांधून घरी नेई. बेबी कुरुम कुरुम खाई. मला तो आवाज फार आवडायचा. माझ्यातलं इतकं जेवण लोकांनी खाल्लं, पण असं मन लावून कोणी खाल्लं नाही.

मग ती मोठी लढाई आली, दुसरं महायुद्ध. कारखाने रात्रंदिवस चालू लागले. आमच्या जेवणाऱ्यांची ड्युटी केव्हा संपेल, त्यांना जास्तीचं काम केव्हा लागेल, काही म्हणता काही कळेना. कधी पंगत भरून वाहायची, कधी निम्मे पाट रिकामे. पण अण्णाचा हट्ट एकच, गंज भरूनच शिजला पाहिजे. थकलेला माणूस ताटावर बसला आणि भात संपला म्हणायची पाळी आली, तर खानावळीचं नाव गेलं. गल्लीत दुसऱ्या खानावळी निघाल्याच होत्या. सत्यभामानं दोनदा सांगून पाहिलं की तांदूळ कमी घालू, लागला तर पुन्हा टाकू. अण्णानं कानावर घेतलं नाही.

म्हणजे भात उरायचा. रोज उरायचा. आणि बाहेर धान्याच्या दुकानापुढे सकाळपासून रांगा! शहपुऱ्याकडून, खेड्यापाड्यांतून माणसं शहरात येऊ लागली होती. दुपारी ती आमच्या मागच्या दाराशी बसत. सत्यभामा उरलेला भात त्यांच्या पानांवर घाली. पहिल्यांदा चार जण होते, मग अंगण पुरेना. एके दिवशी अण्णाला त्या ओळीत आपलं एक जुनं गिऱ्हाईक दिसलं, खाली मान घालून जेवताना. अण्णाच्या तोंडचं पाणीच पळालं. मागच्या दाराला फुकट मिळतं तर पुढच्या दारानं कोण येईल, असं त्याच्या मनानं घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून हुकूम निघाला. उरलेल्या भातात चुलीतली राख कालवायची आणि तो नाल्यावर नेऊन टाकायचा. नुसता टाकला असता तर लोकांनी तिथून उचलून खाल्ला असता, म्हणून राख.

सत्यभामानं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "मुरली, अन्नात राख कालवते का कोणी? आईनं हेच शिकवलं का आपल्याले?"

"जिजी, खानावळ बसली तर आपल्याच पानात राख पडन," अण्णा म्हणाला. वाईट माणूस नव्हता हो तो. घाबरलेला होता. घाबरलेला माणूस काय करील याचा नेम नसतो.

तिनं राख कालवली. पांढराशुभ्र भात माझ्या डोळ्यांदेखत काळा झाला. मागच्या दाराची माणसं तीन-चार दिवस येऊन बसली आणि मग यायची थांबली. कुठे गेली, मला ठाऊक नाही.

पण खरवडीला कोणी हात लावला नव्हता. ती रीत होती ना! सत्यभामानं तिथंच वाट काढली. भात शिजत आला की ती हळूच एक लाकूड आत सरकवी. जाळ चढे आणि माझ्या तळाला भाताचा बोटभर जाड थर धरे. खरवड दुप्पट झाली, तिप्पट झाली. सत्यभामानं अंजनीला काही सांगितलं नाही आणि अंजनीनं काही विचारलं नाही. दोघी एकमेकींकडे बघत नसत, पण दोघींना कळलेलं असे. धान्याच्या रांगेत उभं राहून रिकाम्या हातानं परतणाऱ्या अंजनीची चूल माझ्या तळावर चालली होती. मित्रांनो, आयुष्यात मी काही केलं असेल तर एवढंच केलं.

आता पुढचं सांगवत नाही, पण सांगतो.

लढाईमुळे कल्हईचं कथील मिळेनासं झालं. कल्हईवाला आला तर तो म्हणे, मालच नाही जी, कुठून करू. माझी आतली कल्हई उडत चालली होती. कल्हई गेलेल्या पितळेत आंबट काही ठेवलं की कळकतं, खाणाऱ्याला बाधतं, हे तुमच्या आजीला विचारा. एके दुपारी अण्णानं माझ्यात डोकावून पाहिलं. तळाला जाड करपट थर आणि अंजनी त्यावर उलथनं खरडून राहिलेली. माझ्यावर फार जीव होता त्याचा. गोंदियापासून हातानं धरून आणलेला मी!

त्यानं अंजनीला काही बोल लावला नाही. फक्त सांगितलं, आजपासून गंज खरडायचा नाही, असलेली कल्हईही निघून जाईल. वाढून झालं की लगेच राखेचं पाणी ओतून भिजत घालायचा, म्हणजे थर आपोआप सुटेल. आणि त्यानं आपल्या हातानं माझ्यात राख टाकली, वर घागरभर पाणी ओतलं. खरवड फुगली, काळी पडली, वर तरंगू लागली.

बघा हं मित्रांनो, त्यानं खरवड हिरावली नव्हती. त्याच्या ध्यानीमनीही ते नव्हतं. तो मला जपत होता.

सत्यभामानं तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. पण उघडलं असतं तर जाळ कोण चढवतं तेही निघालं असतं. ती गप्प राहिली. अंजनीनं तो राखेतला भात पाच पाण्यांनी धुतला, फडक्यात पिळला आणि नेला. दुसऱ्या दिवशी पेरूच्या झाडाखाली तिनं बेबीला घास भरवला, तर पोरीनं थुंकून टाकला. "करकर लागते, आई," म्हणाली. अंजनीनं पुन्हा धुतला. पुन्हा तेच. राख एकदा शिताच्या आत शिरली की निघत नाही. काही दिवस असे गेले. बेबी मातीचा भात रांधेनाशी झाली, नुसती झाडाला टेकून बसू लागली. मग तिला ताप आला आणि अंजनीचं येणं थांबलं.

तेव्हा मात्र सत्यभामाला राहवेना. भरदुपारी पंगत चालू असताना ती उठली. गंजातला वरचा मऊ भात वाडग्यात घेतला, त्यावर तुपाची धार धरली आणि पदराखाली झाकून निघून गेली. अण्णा वाढता वाढता बघतच राहिला. ती परत आली तेव्हा पाट उचलले गेले होते. वाडगा भरलेलाच होता. तो तिनं अण्णापुढे ठेवला.

"काहून, काय झालं?" अण्णानं विचारलं.

"अंजनीची बेबी गेली," ती म्हणाली. "मी पोचली तवा होती. मऊ भात तिच्या ओठाले लावला. तिनं तोंड गच्च मिटून घेतलं, मुरली. तिले वाटलं, यातही राख आहे."

त्या दिवशी गंजात अर्ध्याहून जास्त भात होता, पांढरा, गरम. त्यात कोणी राख टाकली नाही. तो वाटून टाकावा म्हणून सत्यभामानं मागचं दार उघडलं, तर बाहेर कोणी नव्हतं. संध्याकाळी अण्णा स्वतः टोपली घेऊन स्टेशनाकडे माणसं शोधत गेला. त्यानंतर खानावळ होती तोवर त्यानं अन्न टाकलं नाही. पण हे त्याचं शहाणपण बेबीच्या काय कामाचं?

लढाई संपली. खानावळ बंद पडली. मी माळ्यावर गेलो, काळा पडलो, विकला गेलो. आता मी एका मोठ्या हॉटेलच्या दाराशी असतो. लिंबू लावून घासलेला, लखलखीत, पोटात कागदाची फुलं. लोक माझ्यापाशी उभे राहून फोटो काढतात. दारातून मला आतलं सगळं दिसतं. लग्नाच्या पंगतीतली अर्धी उष्टी ताटं, मोडलेला पुलाव, हात न लागलेल्या पोळ्या, सगळं काळ्या पिशव्यांत भरून मागच्या दारानं जातं. रांधणाऱ्या-वाढणाऱ्या पोरांना त्यातलं घरी न्यायची बंदी आहे. का, तर उद्या मुद्दाम जास्त शिजवतील म्हणून. हे ऐकलं आणि मला अण्णाचाच आवाज ऐकू आला. राख तेवढी कोणी टाकत नाही आता. पिशवीची गाठच पुरते.

तुमच्यातलं एखादं मूल माझ्याजवळ आलं की आई म्हणते, हात नको लावू, खराब होईल. मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी हेच सांगतात, आम्हाला जपा, आमची निगा राखा. मी तसं सांगणार नाही. मला हात लावा. पोचा पडला तर पडू द्या, कल्हई उडाली तर उडू द्या. मला एकदा फार जपलं होतं.