करंजाखालची जागा

"फुकट? फुकट कोन देतंय गो?" ठकूबाई सुनेवर डाफरली. "शेठाचा डोळा आपल्या जमिनींवर हाय. तू तिकडं पाय ठेवायचा नाय."

पोलादपुरात एझ्राशेठने मोफत बाळंतघर बांधलं होतं. हे ज्यू कुटुंब बगदादहून आलेलं. एझ्रा आधी सायकलवरून कापड विकत हिंडला, मग महाडला त्याने कोळशाची वखार टाकली, आणि आता आंबेनळी घाटात त्याचे ट्रक धावत होते. शनिवारी वखार बंद असे. तेवढ्यापुरता तो लोकांना इथल्या शनवार तेल्यांसारखा, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातल्या ज्यूंसारखा वाटे. बाकी सगळं परकं. ठकूबाईने उभा जन्म सुईणपण केलं होतं. हा माणूस आपल्या पोटावर उठलाय, याबद्दल तिला शंकाच नव्हती.

पण सुनेचं, मैनाचं, मूल आडवं आलं. ठकूबाईचे हात थकले, तेव्हा तिनेच मैनाला डोलीत घालून बाळंतघरात नेलं. डॉक्टरीणबाईंनी दोघांना वाचवलं.

नातू हाती आला तरी संशय गेला नाही, वाढलाच. शेठची बायको मोझेलबाई बाळंतिणींसाठी शिरा घेऊन आली की ठकूबाई तिच्या तोंडाकडे टक लावून बसे. आज काहीतरी मागेल, उद्या मागेल. कशावर तरी अंगठा घेईल. पण वर्षं गेली, बाईने काही मागितलं नाही.

साठ सालानंतर शेठने धंदा विकला. कुटुंब परदेशी निघालं. जाण्याआधी मोझेलबाई ठकूबाईच्या दारात आली.

"ठकूबाई, एक काम होतं."

आलं शेवटी, ठकूबाईच्या मनात आलं. "बोला."

"बाळंतघराच्या मागे करंज आहे ना, त्याच्याखाली आमची मुलगी आहे."

"मुलगी?"

"पहिली. आम्ही बैलगाडीतून घाट उतरत होतो, तेव्हाच कळा सुरू झाल्या. गावात ओळखीचं कुणी नव्हतं. पोचेपर्यंत ती गेली. यांनी तिथेच पुरली. पुढे पैसा आला, तेव्हा ती जागा घेतली. आता आमचं इथे कुणी राहणार नाही. तेवढं लक्ष ठेवाल?"

"नाव काय ठेवलंवतं?"

"वेळच मिळाला नाही."

ठकूबाईला पुष्कळ बोलायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "जावा तुमी. मी हाय."

शेठची मोटार महाडकडे गेली त्या दिवशी ठकूबाई करंजाखाली गेली. तिथे शेळ्या चरत होत्या. तिने त्या हाकलल्या, बोरीच्या फांद्या ओढून आणल्या आणि कुंपण घालायला बसली. एक काटा हातात मोडला. तो तसाच ठेवून तिने पुढची फांदी उचलली.