फाटकावरचा पासवर्ड

पुंडलिकनगरच्या त्या गल्लीत कुणीही मोबाइलचं वायफाय चालू केलं की पहिलं नाव दिसायचं 'आप्पासाहेब', आणि त्याला पासवर्ड नसायचा. कन्नडच्या साखर कारखान्यात कारकुनी करून निवृत्त झालेले हे आप्पासाहेब म्हणजे श्रेयाचे सासरे. पाण्याचे जार पोचवणारा अन्सार, कोपऱ्यावर भाजी विकणारी सारजाबाई, असे कितीतरी जण संध्याकाळी त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकून फुकटचं नेट वापरायचे. हा सगळा म्हाताऱ्याचा बडेजाव, असं श्रेयाचं स्पष्ट मत होतं. पण सासऱ्यांना सांगणार कोण?

शेवटी सांगायची वेळ आलीच. श्रेया घरी बसून दवाखान्यांचे रिपोर्ट टाइप करायची. घरचं नेटवर्क सोमवारी दुपारपर्यंत सुरक्षित करा, नाहीतर काम बंद, असं कंपनीनं कळवलं. दीड वर्ष खटपट करून मिळवलेलं काम होतं ते.

ती आप्पांना घेऊन बसली. राउटर म्हणजे हे आपलं डबडं. मोबाइलवर दिसतं ते नाव म्हणजे दारावरची पाटी. लहरी जिथवर पोचतात ती रेंज, आणि ती काही आपल्या भिंतीशी थांबत नाही. नेटवर्क उघडं असलं की आपण पाठवलेलं मधल्यामधे कुणी जाणकार झेलू शकतो. एन्क्रिप्शन म्हणजे तोच मजकूर असा कालवून टाकायचा, की किल्ली असलेल्यालाच तो निवडता यावा. डब्ल्यूपीए टू ही कालवायची एक ठरलेली रीत आणि पासवर्ड ही किल्ली. आप्पांनी सगळं मन लावून ऐकलं, दोन शंकाही विचारल्या. रविवारी पासवर्ड बसला.

सोमवारी सकाळी श्रेयानं राउटरची यादी उघडली, तर सतरा मोबाइल जोडलेले. घरात माणसं तीन: आप्पा, ती आणि तिचा नवरा! ती तडक फाटकाशी गेली. नळाला पाणी कधी येणार ते लिहायच्या फळ्यावर आप्पांच्या घोटीव अक्षरात पासवर्ड लिहिलेला होता. खाली ओळ होती, 'तसदीबद्दल क्षमस्व.'

श्रेयाचं डोकंच फिरलं. "आप्पा, कुलूप लावून किल्ली दारात टांगलीत तुम्ही. लोकांच्या आजारपणाचे कागद असतात माझ्याकडं."

आप्पा चष्मा पुसू लागले.

"कुलूप लावल्यावर येणार कोण?" ते म्हणाले. "तुम्ही दोघं कामात. ही माणसं नेटसाठी येतात, मला कळतंय. पण येतात तरी."

इतके दिवस आपण बडेजाव म्हणत होतो त्याची श्रेयाला लाज वाटली. तिनं फळा पुसला, पासवर्ड बदलला, आणि दुपारी कंपनीची तपासणी बिनबोभाट पार पडली.

मग तिनं त्याच राउटरवर पाहुण्यांसाठी दुसरं नेटवर्क सुरू केलं. त्यावरून तिच्या कॉम्प्युटरकडं जायची वाट नव्हती; ओट्यावर बसलेल्यानं माजघरात शिरू नये, तसं. त्याचा पासवर्ड ती रोज बदलणार होती आणि चिठ्ठीवर लिहून फक्त आप्पांना देणार होती. ज्याला हवा त्यानं आत येऊन आप्पांना विचारायचा. फळ्यावर लिहायचं नाही, हे तिनं तीनदा बजावलं.

संध्याकाळी अन्सार फाटकाशी आला आणि नेट कुठं गेलं म्हणून विचारू लागला. आप्पांनी चिठ्ठी खिशात सरकवली.

"सांगतो की. आधी आत ये, बस."

अन्सार चपला काढून ओट्यावर बसला. थोड्या वेळानं सारजाबाईही टोपली खाली ठेवून टेकली. श्रेयानं चहा नेऊन दिला आणि आपल्या कामाला लागली. बाहेरून कारखान्याच्या, गावाकडच्या गप्पा कानावर येत होत्या.

तासाभरानं तिनं सहज राउटरची यादी पाहिली. पाहुण्यांच्या नेटवर्कवर एकही मोबाइल जोडलेला नव्हता.