एकवीस नंबरचा बिल्ला

"बाबा, हे कुणी लिवलं?" हिनाने निरोपाचं कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं.

"विक्रमनं. माझ्या जागेवर आलाय ना, त्यानं. वाच तरी." दादूने शाल आणि नारळ टेबलावर ठेवला. तारापूरच्या रसायन कारखान्यातली एकतीस वर्षांची नोकरी आज संपली होती. कार्डावर मधोमध एकच इंग्रजी शब्द होता. तो ऐकून कँटीनमध्ये सगळे हसले, म्हणून दादूही हसला होता.

"कर्मजियन." हिनाने मोबाईलमध्ये पाहिलं आणि अडखळली. "म्हंजे... चिडका, खडूस म्हातारा."

दादूला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा? पण हसणाऱ्यांचं तरी काय चुकलं होतं? टाकी धुवायला उतरणाऱ्या प्रत्येकाने फळीवरच्या खुंटीला टांगलेला आपल्या नंबराचा पितळी बिल्ला दादूकडे द्यायचा. माणूस आपल्या पायांनी वर आला की दादू तो परत देणार. आतली हवा विषारी नाही ना, हे तपासायच्या आधी कुणी शिडीवर पाय ठेवला, की साहेब असो नाहीतर कंत्राटी मजूर, हा चारचौघांत त्याची बिनपाण्याने करायचा.

"आला कुठनं ह्यो शब्द?" त्याने विचारलं.

"कुणी फ्रेंचमधनं आला म्हणालं, ते खोटं निघालं. मूळ कुणालाच ठाऊक नाय."

दादूने खिशातून एक काळवंडलेला बिल्ला काढला.

"माझ्या खडूसपणाचं मूळ मला ठाऊक हाय. ह्यो बिल्ला मासवणच्या मंगळ्याचा. तू तवा दोन वर्साची होतीस. मी लय गोड बोलायचो तवा, कुणाचं मन मोडवत नव्हतं. तो म्हणाला, पाच मिन्टांचं काम हाय दादूभाऊ, हवा कशाला तपासता? मी हसलो. जा म्हटलं."

"मग?"

"आपल्या पायांनी वर आला नाय तो."

हिनाने कार्ड हळूच मिटून ठेवलं. आई म्हणायची, तुझा बाप पूर्वी असा नव्हता. त्याचा अर्थ तिला आज कळला.

इतक्यात फोन वाजला. विक्रम होता.

"दादूकाका, टाकीतली माणसं सगळी वर आली, मी दोनदा मोजली. पण फळीवर एकवीस नंबरची खुंटी रिकामी हाय. बिल्ला गेला कुठं?"

"माझ्याकडं हाय."

"मग उद्या आणून देता?"

दादूने बिल्ला मुठीत घट्ट धरला.

"माणूस वर आला की देतो," तो म्हणाला.