होझिआच्या नावाची व्हिस्की

लट्रेल गेन्सने व्हिस्कीची भट्टी घातली ती होलिस लँडिंगच्या जुन्या बर्फाच्या कारखान्यात. मेम्फिसला टायरच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काढून तो गावी परतला, तेव्हा नदीकाठच्या त्या गावात एक चर्च, एक पेट्रोल पंप आणि कुलपं लावलेली दुकानं एवढंच उरलं होतं. तांब्याचा हंडा त्याने स्वतःच्या हाताने जोडला. मका आसपासच्या शेतांतलाच घेतला. आणि दर शनिवारी दुपारी कारखान्याच्या धक्क्यावर ब्लूजचं गाणं सुरू केलं. लोक घरून खुर्च्या घेऊन यायचे, बायका मासे तळायच्या, ज्याला जे येईल ते तो वाजवायचा. मेम्फिसला, शिकागोला गेलेली माणसंसुद्धा सुट्टी काढून येऊ लागली.

वाजवणारे थकले की शेवटी एक टेप लागायची. होझिआ पेटवेची. एक्क्याण्णव साली चार जुलैला नदीकाठी गावजेवण होतं, तिथली. तसा गळा त्या मुलखात पुन्हा झाला नाही, असं म्हातारेकोतारे सांगायचे. टेप लागली की हातातला घास हातात राहायचा. होझिआच्या मागे माउथ ऑर्गन ऐकू यायचा, तो लट्रेलचा.

सहा वर्षं पिंपात मुरलेली पहिली व्हिस्की बाहेर काढायची वेळ आली, तेव्हा लट्रेलच्या मुलीने, रेनिटाने, तिला होझिआचं नाव द्यायचं ठरवून टाकलं. नुसतं ठरवलं नाही, लेबलंही छापून आणली. टोपी कपाळावर ओढलेला होझिआ, मांडीवर गिटार.

“मिस ओझेलांना विचारलंस?” लट्रेल म्हणाला. ओझेला म्हणजे होझिआची विधवा; गावात वडीलधाऱ्या बायकांना सगळे ‘मिस’च म्हणत.

“तुम्ही विचारा ना, डॅडी. माझं नाही ऐकायच्या त्या. तुम्ही त्यांच्या नवऱ्याचे जिवलग.”

जिवलग हा शब्द लट्रेलच्या कानाला टोचला. तरी रविवारी चर्च सुटल्यावर तो एक लेबल खिशात घालून गेला.

ओझेला ओसरीवर बसून शेंगा सोलत होती. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ अजून ताठ. भट्टीपासून चौथं घर तिचं, पण धक्क्यावर ती कधी फिरकली नव्हती. शनिवारी तिच्या खिडक्या बंद असत.

“ये. पाय पूस आधी. आणि भट्टीचा वास बाहेर ठेवता आला तर तोही ठेव.”

“मिस ओझेला, एक विचारायचं होतं तुम्हाला.”

त्याने लेबल पुढे केलं. तिने चष्मा वर सरकवून ते बराच वेळ पाहिलं.

“टोपी मी घेतली होती ही त्याला. कशाला छापलंय?”

“पहिल्या बाटलीला त्याचं नाव द्यावं, असं रेनिटाच्या मनात आहे.”

“आणि तुझ्या?”

लट्रेलने नजर पातेल्यातल्या शेंगांकडे वळवली.

“साप चावून माणूस मेला, तर त्या सापालाच त्याचं नाव ठेवतोस का रे?” तिने लेबल परत दिलं. तिचा आवाज चढला नव्हता. “सात महिने, लट्रेल. सात महिने त्याने थेंबाला हात लावला नव्हता. इथे या पायरीवर बसून ताक प्यायचा. माझ्या आईच्या बायबलवर हात ठेवून मला शब्द दिला होता. आणि चार जुलैला गेला नि बाटलीला तोंड लावून आला. मी दार लावून घेतलं. तीन दिवस येऊन ठोठावत होता. ‘ओझेला, ऐकून तर घे,’ एवढंच म्हणायचा. म्हटलं, खोटारड्याचं काय ऐकायचं?”

चौथ्या दिवशी होझिआ चाळीस मैलांवर बहिणीच्या गावी गेला होता. तो पीतच राहिला, आणि दुसऱ्या हिवाळ्यात तिथेच वारला. ओझेला मातीलाही गेली नव्हती. हे सगळं गावाला ठाऊक होतं.

लट्रेलला उठता आलं असतं. विचारलं होतं, नकार मिळाला होता, काम संपलं होतं. पण तो उठला नाही.

“तो प्यायला गेला नव्हता,” तो म्हणाला.

ओझेलाने मान वर केली.

“शिकागोहून एक माणूस आला होता त्या दिवशी. रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचा. मीच त्याला बोलावून आणला होता. होझिआचं नशीब उघडलं तर मागे माझंही उघडेल, असं होतं माझ्या डोक्यात. पण होझिआचे हात थरथरत होते. तार धरता येईना. मला म्हणाला, ‘आज नाही जमणार, लट्रेल. मला घरी सोड.’ मी माझी बाटली दिली त्याच्या हातात. म्हटलं, हात स्थिर होण्यापुरता एकच घोट. त्याने दोनदा परत केली. तिसऱ्यांदा मी त्याच्या तोंडाला लावली.”

ओझेलाच्या हातातली शेंग तशीच राहिली. रस्त्यावरून एक गाडी गेली, तिची धूळ खाली बसली.

“हे मला कधी सांगायचं होतंस?”

“तेव्हाच.”

“तेव्हाच,” ती म्हणाली. “तेव्हा सांगितलं असतंस, तर मी दार उघडलं असतं.”

ती उठली, आत गेली आणि तिने जाळीचं दार लावून घेतलं. शेंगांचं पातेलं ओसरीवरच राहिलं.

लट्रेलने परत येऊन सगळी लेबलं पत्र्याच्या डब्यात घालून जाळली. रेनिटा पळत आली. काय घडलं होतं ते त्याने तिला सांगितलं.

“तीस वर्षांपूर्वीचा एक घोट, डॅडी! तुम्ही नसता दिला तर दुसऱ्या कुणी दिला असता.”

“दिला असता. पण दिला मी.”

पुढच्या शनिवारी त्याने टेप लावली नाही. धक्क्यावर उभं राहून, ओझेलाला सांगितलं तेच सगळ्यांना सांगितलं. काही जण खुर्च्या मिटून निघून गेले. सीफस नावाचा एक म्हातारा जवळ येऊन म्हणाला, “जाऊ दे रे. होझिआचं ते गाणं ऐकून मी माझ्या भावाला माफ केलं होतं.” लट्रेलला ते ऐकून जास्तच लागलं. व्हिस्की गावाच्या नावाने बाजारात गेली आणि चांगली खपली. तो मात्र हळूहळू सगळं रेनिटाच्या हाती देऊन मोकळा झाला.

कापसाची बोंडं फुटायच्या सुमाराला ओझेलाचा फोन आला. “मला त्याच्याकडे घेऊन चल.”

चाळीस मैलांची वाट. दोन्ही बाजूंना पांढरी शेतं. कबर एका लहान चर्चच्या मागे होती, दगड बहिणीने बसवलेला. ती बहीणही आता नव्हती. ओझेला गुडघे टेकू लागली, तसा लट्रेल आधार द्यायला पुढे झाला.

“तू गाडीपाशी थांब.”

तो थांबला. लांबून तिचे ओठ हलताना दिसत होते. तासभर ती बोलत होती. तीस वर्षांपूर्वी जे ऐकून घ्यायचं राहिलं, त्याचं उत्तर देत असावी.

परत घरापाशी सोडल्यावर ती म्हणाली, “माफ केलं असं समजू नकोस.”

“नाही समजत.”

“पुढच्या महिन्यात पहिल्या सोमवारी ये. मला गाडी चालवता येत नाही, आणि बसचं काही खरं नाही.”

तो गेला. मग दर महिन्याला जात राहिला. बोलणं व्हायचं ते पावसापाण्याचं, नाहीतर कुणाच्या आजारपणाचं. तिसऱ्या वर्षी एकदा वाटेत तिने अचानक विचारलं, “त्या दिवशी कसा गायला रे तो?”

लट्रेलला गाडी कडेला घ्यावी लागली. “टेप आहे माझ्याकडे. आणू का?”

“यंत्र नको. तू सांग.”

मग त्याने सांगितलं. सुरुवातीला आवाज कसा अडखळला, मग कसा मोकळा झाला, पाण्यावरून कसा पलीकडच्या काठाला जाऊन पोचला, पोरांना मांडीवर घेऊन बसलेल्या बाया कशा उठून उभ्या राहिल्या. आणि शेवटच्या कडव्यात त्याने शब्द बदलून ओझेलाचं नाव घातलं होतं, तेही सांगितलं. टेप त्याआधीच संपली होती, त्यामुळे हे तिथे हजर असलेल्यांनाच माहीत होतं.

ओझेला खिडकीबाहेर पाहत रडत राहिली. मग नाक पुसून ती म्हणाली, “चल, उशीर होतोय.”

त्यानंतर ती दीड वर्ष जगली. माफीचा शब्द तिने कधी काढला नाही, आणि लट्रेलने मागितलाही नाही.