आबांना ताप येत नाही

माईंना इस्पितळात नेलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या उशीला ताप आला.

साथीच्या रोग्यांच्या घरच्यांना रोज तपासायचं काम आशा सेविका रजनीकडे होतं. खिडकीतून हात घालून तिनं आबांच्या कपाळासमोर ताप मोजायचं यंत्र धरलं. "तुम्ही नॉर्मल." मग ते उशीसमोर धरलं आणि गाडी बोलावली.

"कुठं नेणार उशी?"

"माईंच्याच वॉर्डात. शेजारीच ठेवतात."

आबांना बरं वाटलं. उशीचा थोडा हेवाही वाटला.

मग घरच तापू लागलं. फणी, चपला, पोळपाट. दगडी खलबत्ता तर असा फणफणला, की चौघांनी चादरीत धरून नेला. सारवलेली जमीन चटईसारखी गुंडाळून नेली. माईंचा हात ज्याला ज्याला लागला होता, ते एकेक करून जाऊ लागलं. आबांची पुस्तकं गारच राहिली. त्यांना हात लावू नकोस, असं आबांनीच बजावून ठेवलं होतं. आबाही गार.

"ही कशी आहे?"

"धाप लागतेय. पण खलबत्ता बघून हसल्या हो."

आबांनी काखेत कांदा दाबून ठेवला. रजनीनं तो काढून घेतला.

"याला आहे ताप. माईंनी निवडलेला दिसतोय. अहो, लोक ताप लपवतात, आणि तुम्ही मागताय?"

उघड्या मातीवर बसून आबा आठवू लागले, तिचा हात आपल्याला शेवटचा कधी लागला? ती चहा आणून ठेवायची. आपण मान वर न करता 'हं' म्हणायचो. त्यापलीकडे काही आठवेना.

सकाळी रजनी हळू आवाजात बोलली. "आज त्यांनी डोळे उघडले नाहीत. तुम्हाला नेता आलं असतं, तर..."

तिनं यंत्र सावकाश फिरवलं. गळा, खांदे, छाती. सदऱ्याच्या एका बटणापाशी ते वाजलं.

ते बटण माईंनी सदरा अंगात असतानाच शिवलं होतं. दोरा दातांनी तोडताना त्यांचा श्वास आबांच्या छातीला लागला होता.

"बटण द्या, आबा."

आबांनी ते मुठीत धरलं. "बटण नाही. मला न्या."

"मला तसं करता येत नाही. मूठ सोडा."

गाडीचं दार उघडं होतं. रजनीनं एका हातात कात्री घेतली, दुसऱ्या हातातलं यंत्र मुठीसमोर धरलं. आबांची मूठ तापू लागली होती, बोटांच्या फटींतून तांबूस उजेड येऊ लागला होता.