खुर्चीतून उठायचं नाही

मित्रांनो, मी एक जुनी व्हीलचेअर आहे. विमानतळावर नोकरीला आहे म्हणा ना. माझं पुढचं डावं चाक कुरकुरतं, पाय ठेवायची एक पट्टी लोंबकळते, आणि पाठीवरचं पहिल्या मालकाचं नाव खरवडून त्यावर दुसऱ्या कंपनीचा कागद चिकटवलाय. तोही आता सुटत आलाय. येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणतो, हिला जरा तेल घाला हो. घालत मात्र कुणीच नाही. तेव्हा मी जे सांगणार आहे ते कुरकुरत सांगणार. गोड ऐकायचं असेल तर नव्या खुर्च्यांकडे जा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. नळ्या वाकवल्या, जोडल्या, रंगवल्या. शेवटी एक बाई बैठकीचं कापड ताणून बसवायची आणि मग स्वतः खुर्चीत धपकन बसून बघायची. तिचं एकच म्हणणं असायचं, बसलेलं माणूस घाबरून थरथरलं तरी खुर्ची हलता कामा नये. ते मी मनावर घेतलं. आजतागायत माझ्यातून कुणी पडलेलं नाही. माझं सगळं वाईट झालं, पण एवढं एक सांगायला राहिलं आहे.

पहिली नोकरी मोठ्या विमानतळावर, थेट जाणाऱ्या विमानांकडे. थेट म्हणजे इथे बसलं की तिथेच उतरायचं, मधे कुठे थांबायचं नाही. काय दिवस होते ते! गुळगुळीत फरशी, रोज पुसणारी माणसं, चाकाला वेळेवर तेल. रस्त्यावरच्या दारातून माणूस घ्यायचं आणि विमानाच्या दारात द्यायचं. पलीकडच्या गावी माझ्यासारखीच एखादी खुर्ची उभी असायची. म्हातारी माणसं उतरताना माझ्या हातावर थोपटून जायची. एक आजोबा तर म्हणाले होते, घरच्या आरामखुर्चीपेक्षा ही बरी. फुशारून गेले होते मी.

तिथेच मला एक गुपित कळलं. माझ्यात बसणाऱ्या निम्म्या माणसांच्या पायांना काहीही झालेलं नसतं. घरी ती चार जिने चढउतार करतात, बाजारातून पिशव्या आणतात. आधी मला रागच यायचा. चांगली धडधाकट माणसं, आणि बसतात काय खुशाल! मग हळूहळू समजलं. त्यांना इथल्या पाट्या कळत नाहीत. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, कुणाला काय दाखवायचं, याची धास्ती असते. सोबत यावं तर मुलांना रजा नाही. मग तिकीट काढताना मुलं व्हीलचेअर मागून ठेवतात. व्हीलचेअर आली की ती ढकलणारा माणूस येतो, आणि तो हाताला धरून सगळं पार करून देतो. सोबत देता येत नाही, म्हणून आईबापाला खुर्ची द्यायची. अशी ही सोय आहे.

पुढे नव्या खुर्च्या आल्या आणि आम्हा जुन्यांना लिलावात काढलं. मला इथे आणलं. या विमानतळावर कुणी राहायला येत नाही. स्वस्तातल्या कंपनीचं विमान माणसांना इथे आणून टाकतं आणि दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचं विमान त्यांना पुढे नेतं. एकाने आणायचं, दुसऱ्याने न्यायचं. आणि मधला जो वेळ आहे ना मित्रांनो, तो कुणाच्याच बापाचा नसतो. आणणारा म्हणतो, माझं काम झालं. नेणारा म्हणतो, माझं अजून सुरू नाही झालं. त्या दोघांच्या मधे माणसं ताटकळत बसलेली असतात.

इथे एक निळा खांब आहे. आमच्या कंपनीच्या खुर्चीने खांबापर्यंतच जायचं, पुढे नाही. तिथे दुसऱ्या कंपनीचा माणूस त्याची खुर्ची घेऊन येतो, प्रवाशाला तिच्यात बसवतो आणि घेऊन जातो. अशी इथली रीत. मला ढकलणाऱ्याला सगळे पैलवान म्हणतात, कारण फुंकर मारली तर उडेल असा तो आहे. माणूस सरळ आहे. पण कंपनीने त्याला एकट्याला तीन खुर्च्या सांभाळायला दिल्यात. एकीला पोचवेपर्यंत दुसरीची बोलावणी सुरू होतात.

तर त्या दिवशी दुपारी माझ्यात एक मावशी येऊन बसल्या. मावशी हे पैलवानाने लावलेलं नातं. ठेंगण्या, नीटनेटक्या, मांडीवर कापडी पिशवी. मी चालू लागले तशा त्या बोलू लागल्या. सगळेच बोलतात. ढकलणाऱ्याचं तोंड दिसत नाही ना, त्यामुळे मन मोकळं करायला सोपं जातं.

त्या मोठ्या बहिणीकडे निघाल्या होत्या. आई लवकर गेली, ताईनेच यांना वाढवलं, वेणी घातली, धपाटे घातले. आता ताईच्या घशाला दुखणं जडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया होती. ताई वाचणार होती, पण तिचा आवाज जाणार होता, कायमचा. डॉक्टरांनी कमी बोला म्हणून बजावलं होतं. तर ताईने दोन दिवस तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. उरलासुरला आवाज तिने धाकटीसाठी राखून ठेवला होता.

"भांडायचं असेल माझ्याशी," मावशी हसत म्हणाल्या. मग हसणं अर्धवट टाकून रुमाल शोधू लागल्या. पिशवीत ताईच्या गळ्याभोवती गुंडाळायला शिवलेला मऊ कापडाचा पट्टा होता. तो त्यांनी पैलवानाला काढून दाखवला आणि पुन्हा घडी घालून ठेवला.

थेट विमान होतं की, असं पैलवान सहज बोलून गेला. तेव्हा मावशींनी अगदी कौतुकाने सांगितलं, की मुलगा कामासाठी जातो तेव्हा थेटच जातो, त्याचा वेळ फार मोलाचा. यांच्यासाठी त्याने हे स्वस्तातलं शोधून काढलं. म्हणाला, आई, तुला काय घाई आहे? मधे जरा बसायचं, संध्याकाळी तुझ्या ताईसमोर. आणि एक बजावलं, काही झालं तरी खुर्चीतून उठायचं नाही. ते लोक सगळं करतात. तू आपली आपण उठलीस की हरवलीस.

ऐकून माझं चाक जोरात कुरकुरलं. पण माझं कुरकुरणं कोण मनावर घेतो!

निळ्या खांबाशी पोचलो. पैलवान म्हणाला, मावशी, इथेच बसा, पुढच्या कंपनीचा माणूस येईल. त्याला दुसरीकडून बोलावणं आलं होतं, तो पळाला. आता ऐका काय घोळ झाला होता. मुलाला कॉम्प्युटरवर दोन्ही विमानं एकाखाली एक दिसली. त्याला वाटलं, प्रवास एकच. त्याने खुर्ची एकदाच मागितली, पहिल्या विमानापुरती. दुसऱ्या कंपनीला पत्ताच नव्हता की खांबाशी कुणी बसलंय. त्यांच्याकडून कुणी येणारच नव्हतं.

मावशी बसून राहिल्या. शाळेत पहिल्या बाकावर बसवलेल्या मुलीसारख्या, पाठ ताठ, पिशवी घट्ट धरून. समोर दुसऱ्या कंपनीचा काउंटर होता. अहो, समोर म्हणजे अगदी समोर! ताईच्या गावाचं नाव वर दिव्यांनी लिहिलेलं. आधी रांग वाढली. मग ओसरत गेली. मावशी ते सगळं बघत होत्या. फरशी पुसणाऱ्या बाईला त्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, बसा, येतील. एकदा फोन बाहेर काढला आणि पुन्हा पिशवीत ठेवला. स्वतःशीच पुटपुटल्या, कामात असेल, कशाला त्रास.

मित्रांनो, आयुष्यभर मी माणसांना पडू दिलं नाही. पण त्या दुपारी मी मनात ओरडत होते, बाई, उलथ! माझ्यासकट उलथ, पण ऊठ! तुझे पाय माझ्या पट्टीवर किती हलके टेकलेत ते मला कळतंय. कधीपासून ते अधीर झालेत. ऊठ आणि चालू लाग. पण मला तोंड आहे का? मी आपली लोखंडाची, जिथे ठेवली तिथे उभी.

काउंटरवरच्या मुलीने शेवटच्या माणसाला पाठवलं आणि दिवे घालवले.

पैलवान परत आला तो दुसऱ्या खुर्चीतला प्रवासी घेऊन. मावशींना तिथेच पाहून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्या माणसाला तिथेच ठेवून त्याने मला खांबाच्या पुढे दामटलं. पहिल्यांदाच त्याने नियम मोडला, आणि तोही उशिरा. मुलगी म्हणाली, काउंटर बंद झाला. पैलवानाने हात जोडले. ती म्हणाली, माझ्या हातात काही नाही. तिच्या डोळ्यांत वाईट वाटल्याचं दिसत होतं, पण त्याचा काय उपयोग? काचेपलीकडे विमान अजून उभंच होतं.

तेव्हा मावशी उठल्या. पिशवी काखेत मारून तरातरा काचेपर्यंत गेल्या. पैलवान बघतच राहिला.

"मावशी, तुम्हाला चालता येतं?"

"न यायला काय झालं? पायांना काय धाड भरलीय माझ्या?"

"मग समोर तर होता काउंटर. उठलात का नाही?"

मावशी त्याच्याकडे वळल्या. "उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो.

विमान गेलं. पुढचं दुसऱ्या दिवशी दुपारी होतं. पैलवानाने मावशींच्या फोनवरून मुलाला फोन लावला. तो कंपनीवर तापला, पैलवानावर तापला, मग नवं तिकीट काढायला लागला. थेट विमानाच्या कितीतरी वर खर्च गेला म्हणे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! पण पैसे गेले त्याचं मला सोयरसुतक नाही. पैसे पुन्हा येतात.

मग पैलवानाने मावशींच्या भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला फोन लावला. भाचीने तिकडे ताईच्या तोंडाशी फोन धरला. मावशींनी फोन कानाशी घट्ट दाबला, दुसऱ्या कानात बोट घातलं. आणि नेमका वरचा भोंगा सुरू झाला. अमुक विमान सुटतंय, तमुक दरवाजा बदललाय, सामानाकडे लक्ष द्या. एक संपली की दुसरी सूचना. मावशी माझ्यापासून लांब गेल्या, भिंतीशी गेल्या, खांबाआड गेल्या. भोंगे सगळीकडे होते. त्या नुसत्या म्हणत होत्या, हो ताई. हो गं. हो ताई. बराच वेळ. मग फोन खाली घेतला आणि माझ्यात येऊन बसल्या.

काही आठवडे गेले. परतीचं तिकीटही मुलाने त्याच वेळी काढून ठेवलं होतं, इथूनच जाणारं. मी विमानाच्या दारात उभी होते. मावशी उतरल्या. पैलवानाने मला पुढे केलं, तर त्यांनी पिशवी तेवढी माझ्यात ठेवली आणि स्वतः माझ्या शेजारून चालू लागल्या. माझ्या हातावर त्यांचा हात होता. इतक्या वर्षांत माझ्याबरोबर असं कुणी चाललं नव्हतं.

पैलवानाने ताईंची चौकशी केली. ताई बऱ्या होत्या. गळ्याला पट्टा छान बसला. आता त्या लिहून बोलतात, छोट्या पांढऱ्या पाटीवर. भाजीत मीठ कमी, इथपासून सगळं लिहितात, वर रागावून दोन रेघाही मारतात. हे सांगताना मावशी हसल्या. मग निळ्या खांबाशी आल्यावर थांबल्या.

"त्या दिवशी फोनवर ती एवढं बोलली रे. मला एक शब्द ऐकू आला नाही. मी आपली हो हो म्हणत राहिले."

पैलवानाने मला खांबाशी टेकवलं.

"परवा तिने पाटीवर लिहिलं, फोनवर सांगितलं ते लक्षात ठेवशील ना? मी मान हलवली."

"मग खरं सांगायचं ना मावशी. त्या पुन्हा लिहून देतील."

"कसं सांगू? दोन दिवस गप्प राहून तिने ते साठवलं होतं. मला मिळालं, असं तिला वाटतंय. तेवढं तरी राहू दे."

पिशवी उचलून त्या खांबाच्या पुढे निघाल्या, रांगेत उभ्या राहिल्या. वळून माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. बरोबरच आहे.

मित्रांनो, माझ्या चाकाला तेल घाला, पट्टी बसवा, हे मी सांगणार नाही. माझं काय, आज ना उद्या मी मोडीत जाणार. तुम्ही मोठे व्हाल. तुमचा वेळही मोलाचा होईल. तुम्ही थेट जाल, आणि आईसाठी मधे थांबणारं तिकीट काढाल. काढा बापडे, सगळ्यांनाच परवडतं असं नाही. पण तिला घाई आहे की नाही, हे तिला विचारा, तुमचं तुम्ही ठरवू नका. आणि तिला माझ्यासारखीच्या ताब्यात देताना एवढं तिच्या कानात सांगा, आई, वाटलं तर ऊठ.